समांतर रेषा आणि छेदिका: कोनांच्या जोड्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या बहुतेक उत्तरांसाठी एकच आकृती धरली आहे. ती वहीत काढून शेजारी ठेवा, म्हणजे वाचताना अडणार नाही. वर आडवी रेषा ल, तिच्या खाली आडवी रेषा म. दोघींना छेदणारी तिरकी रेषा न, तिचे वरचे टोक उजवीकडे झुकलेले. वरच्या छेदनबिंदूपाशी वरचा डावा कोन ∠१, आणि तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ∠२, ∠३, ∠४. खालच्या छेदनबिंदूपाशी त्याच क्रमाने ∠५, ∠६, ∠७, ∠८. पुस्तकातल्या आकृतीत क्रमांक वेगळ्या क्रमाने असू शकतात. म्हणून आकडे पाठ करू नका, जागा लक्षात ठेवा.

छेदिका नेमकी कशाला म्हणायचे?

दोन रेषांना दोन भिन्न बिंदूंत छेदणाऱ्या रेषेला छेदिका म्हणतात. यातला ‘भिन्न’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तिन्ही रेषा एकाच बिंदूतून जात असतील तर तिथे सहा कोन होतात, आठ नव्हे, आणि संगत किंवा व्युत्क्रम अशा जोड्या लावता येत नाहीत.

व्याख्येत ‘समांतर’ हा शब्द कुठेही नाही, हेही पाहून ठेवा. ज्या दोन रेषांना छेदायचे त्या कशाही असू शकतात.

आठ कोनांच्या जोड्या कशा ओळखायच्या?

आधी आतले आणि बाहेरचे कोन वेगळे करा. रेषा ल आणि रेषा म यांच्या मधल्या पट्ट्यात येणारे ∠३, ∠४, ∠५, ∠६ हे आतले. उरलेले ∠१, ∠२, ∠७, ∠८ बाहेरचे. मग प्रत्येक कोन छेदिकेच्या डावीकडे आहे की उजवीकडे ते पाहा. एवढ्या दोन गोष्टी कळल्या की नाव आपोआप ठरते.

संगत कोन छेदिकेच्या एकाच बाजूला असतात, एक आत आणि एक बाहेर: ∠१ व ∠५, ∠२ व ∠६, ∠३ व ∠७, ∠४ व ∠८. दोन्ही छेदनबिंदूंपाशी त्यांची जागा सारखीच असते.

आंतरव्युत्क्रम कोन दोन्ही आत, पण छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना: ∠४ व ∠६, ∠३ व ∠५. बाह्यव्युत्क्रम कोन दोन्ही बाहेर आणि विरुद्ध बाजूंना: ∠१ व ∠७, ∠२ व ∠८.

आंतरकोन दोन्ही आत आणि एकाच बाजूला: ∠४ व ∠५, ∠३ व ∠६.

या प्रत्येक जोडीत एक कोन वरच्या बिंदूपाशी आणि दुसरा खालच्या बिंदूपाशी असतो. दोन्ही कोन एकाच बिंदूपाशी असतील तर ते एकतर विरुद्ध कोन असतात (∠१ व ∠३) किंवा रेषीय जोडीतले (∠१ व ∠२). विरुद्ध कोन नेहमी समान असतात आणि रेषीय जोडीतील कोनांची बेरीज नेहमी १८०° असते. त्यासाठी दुसऱ्या रेषेची गरजच नाही.

रेषा समांतर नसतील तर संगत कोन असतात का?

असतात. गोंधळाची बहुतेक उदाहरणे तपासली तर मुळाशी हाच प्रश्न सापडतो. जोडीचे नाव जागेवरून ठरते. समानता समांतरपणातून येते. रेषा ल आणि रेषा म पुढे कुठेतरी मिळत असल्या तरी ∠१ व ∠५ हे संगत कोनच असतात. फक्त ते समान नसतात, एवढेच.

म्हणून ‘संगत कोन समान असतात’ हे वाक्य अर्धे आहे. पूर्ण वाक्य असे: दोन समांतर रेषांना छेदिकेने छेदल्यावर होणारे संगत कोन समान असतात. पहिले सहा शब्द गाळले की आकृती पाहताच कोन समान लिहायची सवय लागते. आकृतीत रेषांवर बाणाच्या खुणा नसतील आणि पक्षात (म्हणजे दिलेल्या माहितीत) समांतर असल्याचे म्हटले नसेल, तर समानता लिहायचा अधिकार आपल्याला नाही, मग रेषा डोळ्यांना कितीही समांतर दिसोत.

रेषा समांतर असतील तर काय काय मिळते?

संगत कोन समान, आंतरव्युत्क्रम कोन समान, बाह्यव्युत्क्रम कोन समान, आणि छेदिकेच्या एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८०°. एका बाजूच्या बाह्यकोनांची बेरीजही १८०° होते (∠१ व ∠८, ∠२ व ∠७), पण तिचा वापर कमी होतो.

परिणाम असा की आठ कोनांची मापे दोनच उरतात. ∠१ = ११०° असेल तर ∠३, ∠५, ∠७ देखील ११०°, आणि ∠२, ∠४, ∠६, ∠८ हे सगळे ७०°. छेदिका लंब असेल तर आठही काटकोन. उत्तर तपासायची सोपी रीत यातूनच मिळते: आकृतीतले सगळे लघुकोन एकमेकांशी समान, सगळे विशालकोन एकमेकांशी समान, आणि एक लघुकोन व एक विशालकोन मिळून १८०°. यात न बसणारे उत्तर चुकलेलेच.

हे गुणधर्म खरे का? कोन मोजून दाखवले तर चालत नाही का?

मोजून खात्री पटते, सिद्धता होत नाही. कोनमापकाने ६९.५° आणि ७०° यांतला फरक सांगता येत नाही. शिवाय एक आकृती मोजली म्हणजे सगळ्या आकृत्या मोजल्या असे होत नाही.

सिद्धतेचा पाया युक्लिडचे पाचवे गृहीतक. ते असे: दोन रेषांना छेदिकेने छेदले आणि एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी आली, तर त्या रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला मिळतात. आता ल आणि म समांतर आहेत असे समजा. ∠४ + ∠५ ही बेरीज १८०° पेक्षा कमी असेल तर रेषा डावीकडे मिळतील. पण त्या समांतर आहेत, म्हणजे हे अशक्य. बेरीज १८०° पेक्षा जास्त असेल तर? चारही आंतरकोनांची एकूण बेरीज ३६०° असते, कारण ∠३ व ∠४ ही एक रेषीय जोडी आणि ∠५ व ∠६ ही दुसरी. मग ∠३ + ∠६ ही बेरीज १८०° पेक्षा कमी येईल आणि रेषा उजवीकडे मिळतील. तेही अशक्य. राहिला एकच पर्याय: ∠४ + ∠५ = १८०°.

पुढचे सगळे दोन ओळींत सुटते. ∠५ + ∠६ = १८०° (रेषीय जोडी), म्हणून ∠४ = ∠६, हे आंतरव्युत्क्रम कोन. ∠४ = ∠२ (विरुद्ध कोन), म्हणून ∠२ = ∠६, हे संगत कोन. काही अभ्यासक्रमांत संगत कोनांचा गुणधर्म सिद्धतेशिवाय गृहीतक म्हणून घेतात आणि बाकीचे त्यावरून काढतात. दोन्ही वाटा बरोबर आहेत. परीक्षेत मात्र आपल्या पुस्तकात जे आधी सिद्ध झाले आहे त्याचाच आधार घ्यावा.

गुणधर्म आणि कसोटी यांत फरक काय?

दिशेचा. गुणधर्मात समांतर असणे हा पक्ष असतो आणि कोनांची समानता हे साध्य. कसोटीत उलट: कोन समान आहेत हे माहीत असते आणि रेषा समांतर आहेत हे दाखवायचे असते. कसोटी म्हणजे गुणधर्माचा व्यत्यास.

विधान खरे असले म्हणजे त्याचा व्यत्यास खरा असतोच असे नाही, म्हणून कसोट्या वेगळ्या सिद्ध कराव्या लागतात. आंतरव्युत्क्रम कोन कसोटी अशी: ∠४ = ∠६ आहे, पण रेषा उजवीकडे एका बिंदूत मिळतात असे समजा. मग एक त्रिकोण तयार होतो. त्यात ∠६ हा आंतरकोन आणि ∠४ हा दुसऱ्या शिरोबिंदूपाशी असलेला बाह्यकोन. बाह्यकोन हा दूरस्थ आंतरकोनापेक्षा मोठा असतो, म्हणून ते समान असू शकत नाहीत. डावीकडे मिळतात असे मानले तरी हीच विसंगती येते, तिथे ∠६ बाह्यकोन होतो. गंमत म्हणजे या सिद्धतेला पाचवे गृहीतक लागत नाही. युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या भागातली पहिली २८ विधाने त्या गृहीतकाला हात न लावता सिद्ध केली, आणि या कसोट्या त्यांतच येतात. गुणधर्म २९ व्या विधानात आहे, तिथे ते गृहीतक पहिल्यांदा वापरले गेले.

लिहिताना कारणही त्याप्रमाणे लिहावे. समांतर रेषांवरून कोन काढला तर ‘संगत कोनांचा गुणधर्म’. कोनांवरून रेषा समांतर ठरवल्या तर ‘संगत कोन कसोटी’. समांतर असल्याचे दाखवायचे असताना मध्येच ‘रेषा समांतर असल्याने संगत कोन समान’ असे आले, की जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले गेले आणि पूर्ण उत्तर वाया गेले.

झेड, एफ आणि यू या अक्षरांची युक्ती भरवशाची आहे का?

सुरुवातीला ओळख व्हायला चांगली आहे. झेडच्या कोपऱ्यांत आंतरव्युत्क्रम कोन, एफच्या आडव्या दांड्यांखाली संगत कोन, आडव्या यूच्या आत आंतरकोन. अडचण दोन ठिकाणी येते. आकृती फिरवलेली, उलटी किंवा आरशातल्यासारखी असली की अक्षर दिसेनासे होते. आणि अक्षर सापडले म्हणजे कोन समान, असा समज होतो. आडव्या दांड्या समांतर नसलेला वाकडा झेडसुद्धा झेडच दिसतो.

त्याऐवजी छेदिकेवर रंगीत पेन्सिल फिरवा. जोडीतल्या दोन्ही कोनांची एकेक भुजा छेदिकेवर असते. दोन्ही कोनांना सामाईक असलेली रेषा ती छेदिका, आणि उरलेल्या दोन भुजा ज्या रेषांवर आहेत त्या समांतर आहेत का एवढेच तपासायचे. आकृती कितीही गुंतागुंतीची असो, ही रीत चुकत नाही.

चौकोनात कर्ण काढला की चुकीची जोडी का घेतली जाते?

समलंब चौकोन अबकड घ्या, त्यात बाजू अब ∥ बाजू डक. कर्ण अक काढला. आता ∠बअक = ∠डकअ हे बरोबर: छेदिका अक, उरलेल्या भुजा अब आणि कड, आणि त्या समांतर आहेत. पण ∠डअक = ∠बकअ असेही लिहिलेले खूप वेळा दिसते. तिथेही छेदिका अकच आहे, तिथेही झेड दिसतो, पण उरलेल्या भुजा अड आणि बक. त्या समांतर असल्याचे कुठेही दिलेले नाही. हे लिहिले की समलंब चौकोनाचा नकळत समांतरभुज चौकोन होतो, आणि पुढे दोन त्रिकोण एकरूप ‘सिद्ध’ होतात जे मुळात एकरूप नसतात.

कर्ण बड काढला तर अब ∥ डक मुळे ∠अबड = ∠कडब मिळते. दोन्ही कर्ण काढून या दोन जोड्या घेतल्या की कर्णांमुळे होणारे वरचे आणि खालचे त्रिकोण समरूप ठरतात. पुढच्या इयत्तांत ही आकृती पुन्हा पुन्हा येते.

कोन क्ष च्या रूपात दिले असतील तर समान मांडायचे की बेरीज १८०°?

जोडीचे नाव आधी लिहा, समीकरण नंतर. समजा ल ∥ म, ∠४ = (३क्ष − २०)° आणि ∠५ = (२क्ष + २५)°. हे एका बाजूचे आंतरकोन, म्हणून

(३क्ष − २०) + (२क्ष + २५) = १८०
५क्ष + ५ = १८०
क्ष = ३५

कोन ८५° आणि ९५°. घाईत समान मांडले तर क्ष = ४५ येते आणि दोन्ही कोन ११५° निघतात. उत्तर पूर्णांकात आले म्हणून संशयही येत नाही. पण किंमत परत घालून पाहिली तर ११५ + ११५ = २३०, जे १८०° नाही. तपासणी नेहमी कोनांची मापे काढून करावी, नुसत्या क्ष वर थांबू नये. बहुतेक प्रश्नांत कोनाचेच माप विचारलेले असते आणि क्ष काढून सोडून दिल्यामुळे गुण जातात.

‘क्ष च्या कोणत्या किमतीला रेषा समांतर होतील?’ असे विचारले तर समीकरण तेच, पण कारण म्हणून कसोटी लिहायची.

दोन समांतर रेषांच्या मध्ये एक बिंदू देऊन तिथला कोन विचारतात. तिथे छेदिकाच दिसत नाही, मग काय करायचे?

त्या बिंदूतून तिसरी समांतर रेषा काढा. ही रचना या धड्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे.

किरण अब आणि किरण कड समांतर, दोन्ही उजवीकडे जाणारे, अब वर आणि कड खाली. त्यांच्या मध्ये, अ आणि क यांच्या उजवीकडे बिंदू प. ∠बअप = ३५°, ∠डकप = ५०°. ∠अपक किती? प मधून डावीकडे जाणारा किरण पत काढा, अब ला समांतर. म्हणजे तो कड लाही समांतर. ∠अपत = ∠बअप = ३५° (आंतरव्युत्क्रम कोन), ∠तपक = ∠डकप = ५०°. म्हणून ∠अपक = ८५°.

आता तोच बिंदू प, अ आणि क यांच्या डावीकडे न्या. समजा ∠बअप = १३०°, ∠डकप = १२०°. किरण पत या वेळी उजवीकडे काढायचा. आता ∠बअप व ∠अपत हे आंतरकोन झाले, म्हणून ∠अपत = ५०°; तसाच ∠तपक = ६०°; ∠अपक = ११०°. पहिल्या आकृतीत मधला कोन म्हणजे बाजूच्या दोन कोनांची बेरीज, दुसरीत तिघांची बेरीज ३६०°. दोन्ही सूत्रे पाठ करून चुकीच्या आकृतीला लावण्यापेक्षा समांतर किरण काढून पाहणे जास्त सुरक्षित. वळणे दोन असतील तर दोन समांतर रेषा काढा.

दिलेल्या बिंदूतून समांतर रेषा अचूक कशी काढायची?

गुण्या आणि पट्टीने: गुण्याची एक कड दिलेल्या रेषेवर तंतोतंत बसवा. गुण्याच्या दुसऱ्या कडेला पट्टी टेकवा. पट्टी एका हाताने घट्ट दाबून धरा आणि गुण्या पट्टीला चिकटवून सरकवत पहिली कड दिलेल्या बिंदूपर्यंत आणा. रेघ मारा. इथे पट्टी ही छेदिका आहे आणि गुण्याचा कोन सरकताना बदलत नाही. म्हणून संगत कोन समान आणि कसोटीनुसार रेषा समांतर. गुण्याचा काटकोन घासून थोडा बिघडला असला तरी या रीतीत फरक पडत नाही, कारण कोन कितीचा आहे याला महत्त्व नाही, तो तसाच राहण्याला आहे. रेषा चुकते ती पट्टी सरकल्यामुळे. छोटी पट्टी लवकर सरकते, ३० सेंमीची घ्या.

२.५ सेंमी अंतरावर समांतर रेषा काढायची असेल तर मात्र गुण्याचा काटकोन खरा हवा. रेषेवर एकमेकांपासून लांब दोन बिंदू घ्या, दोन्ही ठिकाणी एकाच बाजूला लंब काढा, प्रत्येकावर २.५ सेंमी मोजून खूण करा आणि खुणा जोडा. बिंदू जवळजवळ घेतले तर अर्ध्या मिलिमीटरची चूकही रेषा तिरपी करते.

कंपासने: दिलेल्या बिंदूतून रेषेला छेदणारी एक तिरकी रेषा काढा. खालच्या छेदनबिंदूपाशी सुमारे ४ सेंमी त्रिज्येचा कंस दोन्ही रेषांना छेदेल असा काढा. त्रिज्या न बदलता तसाच कंस दिलेल्या बिंदूपाशी काढा. पहिल्या कंसाच्या दोन छेदनबिंदूंमधले अंतर कंपासमध्ये घ्या आणि दुसऱ्या कंसावर तेवढे कापा. कापताना छेदिकेची बाजू चुकली तर कोन तेवढाच येतो, पण रेषा भलतीकडे झुकते. संगत कोनाच्या जागीच कंस येतोय ना, हे आधी पाहा.

कोनमापकाने मोजताना उत्तरे का जुळत नाहीत?

कोनमापकावर दोन मोजपट्ट्या असतात, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. ७०° च्या जागी ११०° वाचले जाते. या धड्यात ही चूक लपून राहते, कारण ७०° आणि ११०° दोन्ही मापे आकृतीत खरोखरच असतात. वाचण्याआधी कोन लघू आहे की विशाल ते डोळ्यांनी ठरवा.

दुसरे, कोनातली छोटी चूक लांबीबरोबर वाढते. १° चा फरक २० सेंमी लांबीत सुमारे साडेतीन मिलिमीटर होतो. ३ मीटरच्या भिंतीत तो पाच सेंटिमीटरच्या वर जातो. म्हणून सुतार दोन समांतर रेघा मारताना कोन मोजत बसत नाही. तो गुण्या फळीच्या एकाच कडेला टेकवून दोन्ही रेघा मारतो. एकाच रेषेला लंब असलेल्या दोन रेषा समांतर असतात, तीच ही कसोटी. एक रेघ या कडेवरून आणि दुसरी समोरच्या कडेवरून मारली, आणि कडा आपसांत समांतर नसल्या, तर रेघाही समांतर येत नाहीत.

त्रिकोणाच्या कोनांच्या बेरजेचा याच्याशी काय संबंध?

थेट. त्रिकोण अबक मध्ये शिरोबिंदू अ मधून बाजू बक ला समांतर रेषा काढा. तिथे तीन कोन मिळून सरळ कोन होतो. मधला ∠बअक, बाजूचे दोन आंतरव्युत्क्रम कोनांच्या गुणधर्माने ∠ब आणि ∠क. बेरीज १८०°. बाह्यकोनाचे प्रमेयही यातूनच मिळते.

कोनदुभाजक काढले तर?

समांतर रेषांमधल्या संगत कोनांचे दुभाजक समांतर असतात, आंतरव्युत्क्रम कोनांचेही. एका बाजूच्या आंतरकोनांचे दुभाजक काटकोनात छेदतात, कारण १८०° चे निम्मे ९०°. चारही आंतरकोनांचे दुभाजक काढले तर मध्ये आयत तयार होतो.

न छेदणाऱ्या दोन रेषा नेहमी समांतरच असतात का?

एका प्रतलात असतील तरच. उड्डाणपुलावरचा रस्ता आणि त्याखालून आडवा जाणारा रस्ता एकमेकांना मिळत नाहीत, पण ते समांतर नव्हेत. व्याख्येतला ‘एकाच प्रतलातील’ हा भाग यासाठीच आहे.

हे गुणधर्म सगळीकडे लागू पडतात का?

सपाट पृष्ठावर. पृथ्वीच्या गोलावर दोन रेखावृत्ते विषुववृत्ताला काटकोनात छेदतात; संगत कोन समान, दोन्ही ९०°, तरीही ती ध्रुवावर मिळतात. ती दोन रेखावृत्ते ९०° अंतरावरची घेतली तर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज २७०° होते. पाचवे गृहीतक बाकीच्यांवरून सिद्ध होते का, याचा शोध शतकानुशतके चालला. १७९५ मध्ये जॉन प्लेफेअरने ते आज आपण शिकतो त्या सोप्या रूपात मांडले: रेषेबाहेरील बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते. पुढे १८२९ मध्ये लोबाचेव्हस्की आणि १८३२ मध्ये बोल्याई यांनी हे गृहीतक न मानणारी भूमिती प्रसिद्ध केली, आणि ते बाकीच्यांवरून सिद्ध होणार नाही हे पुढे स्पष्ट झाले.

विज्ञानात हा धडा कुठे लागतो?

काचेच्या चिपेच्या प्रयोगात. चिपेच्या समोरासमोरच्या कडा समांतर, म्हणून दोन्ही स्तंभिकाही समांतर. काचेतला अपवर्तित किरण ही त्यांची छेदिका. आंतरव्युत्क्रम कोनांमुळे पहिल्या कडेचा अपवर्तन कोन आणि दुसऱ्या कडेवर काचेच्या आत होणारा आपतन कोन समान. दोन्हीकडे हवाच असल्याने निर्गत कोन मूळ आपतन कोनाइतका येतो आणि निर्गत किरण आपाती किरणाला समांतर राहतो. प्रयोगात हे जुळले नाही तर आधी टाचण्या पाहा: त्या निदान ५ सेंमी अंतरावर आणि सरळ उभ्या हव्यात, आणि त्यांच्या डोक्यांऐवजी पायथे एका रेषेत आणायला हवेत.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ काढला, तोही आंतरव्युत्क्रम कोनांवरून. इजिप्तमधल्या सायीन इथे सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात शंकूच्या (म्हणजे सावली मोजायच्या उभ्या काठीच्या) सावलीवरून मिळालेला कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२° होता. सूर्यकिरण समांतर आणि शंकूची पृथ्वीच्या केंद्रापर्यंत वाढवलेली रेषा ही छेदिका. म्हणून केंद्रापाशीही ७.२° चाच कोन. दोन शहरांतले अंतर ५,००० स्टेडिया (लांबीचे जुने ग्रीक एकक), म्हणून परीघ २,५०,००० स्टेडिया.

हा प्रयोग आपल्याकडे दोन शाळांना मिळून करता येतो. कोल्हापूर सुमारे १६.७° आणि नाशिक सुमारे २०° उत्तर अक्षांशावर आहे. एकाच दिवशी, दोन्हीकडे १ मीटरची काठी ओळंब्याने उभी करून, सावली सर्वांत आखूड असताना काठीच्या टोकापाशी सूर्यकिरणाने काठीशी केलेला कोन काढा. फरक ३.३° च्या आसपास यायला हवा. डिसेंबर-जानेवारीत करा, तेव्हा दोन्ही सावल्या उत्तरेला पडतात आणि नुसती वजाबाकी पुरते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य या दोन अक्षांशांच्या मध्ये असतो. एक सावली उत्तरेला आणि एक दक्षिणेला पडते, तेव्हा कोनांची बेरीज करावी लागते.

सेमी-इंग्रजी किंवा हिंदी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी काय सांभाळावे?

संगत म्हणजे कॉरस्पाँडिंग, आंतरव्युत्क्रम म्हणजे अल्टरनेट इंटीरियर, छेदिका म्हणजे ट्रान्सव्हर्सल. यात अडचण नाही. अडचण ‘पूरक’ शब्दाची. मराठीत पूरक कोनांची बेरीज १८०° आणि कोटिकोनांची ९०°. हिंदीत मात्र पूरक म्हणजे ९०° आणि संपूरक म्हणजे १८०°. हिंदी व्हिडिओतले ‘पूरक’ ऐकून मराठी उत्तरपत्रिकेत ९०° लिहिले तर पुढचे सगळे गणित चुकते.

उत्तरपत्रिकेत कारणे किती लिहायची?

प्रत्येक समानतेला एक. एका ओळीत तीन गोष्टी असाव्यात: कोणत्या रेषा समांतर, छेदिका कोणती, कोन कोणत्या जोडीतले. उदाहरणार्थ, ‘रेषा ल ∥ रेषा म व रेषा न ही छेदिका, ∴ ∠४ = ∠६ …(आंतरव्युत्क्रम कोन)’. एकाच छेदिकेवरच्या पुढच्या ओळींत पहिला भाग पुन्हा लिहायची गरज नाही. छेदिका बदलली की मात्र तो नव्याने लिहावा, नाहीतर तपासणाऱ्याला कोणत्या रेषांबद्दल बोलणे चालू आहे ते कळत नाही.